मदत हवी आहे: आरटीईच्या यादीत आमची शाळाच दिसत नाही (अर्जंट)

येळ्ळूरची_सून
नमस्कार. कालपासून तीनदा आरटीईचा (शिक्षणहक्क कायद्यातल्या खाजगी शाळेच्या फुकट जागांचा) फॉर्म भरायला बसले. आम्हाला हवी ती शाळा यादीत येतच नाही. सायबरवाला म्हणतो साइट बरोबर आहे, तुमचंच काहीतरी चुकतंय. माझ्या नणंदेच्या मुलीला मागच्या वर्षी याच योजनेत सीट लागली, आठवीपर्यंत फी नाही. मग आमचंच का अडकतं? शाळेने मुद्दाम नाव काढून घेतलं असणार. तक्रार कुठे करायची तेवढं सांगा. बाकी सल्ले नकोत, वेळ नाही.

पुणेरी_काका
फॉर्ममधल्या नकाशावरचा लाल बलून नीट घरावर ठेवलात का? नव्वद टक्के लोक तिथेच चुकतात. बलून सरकला की अंतर बदलतं आणि १ किमीतली शाळा ३ किमीत जाते. उत्पन्नाचा दाखला १ लाखाच्या आतला हवा. मी आमच्या कामवाल्या बाईंचा फॉर्म स्वतः भरून दिला होता, पहिल्या सोडतीत नंबर.

दुहेरी_नोंद
काका, आयडी वाचा. येळ्ळूर बेळगावला आहे. तुमचा बलून महाराष्ट्राचा.

पुणेरी_काका
सासर येळ्ळूर असेल, राहत पुण्यात असतील. धाग्यात कुठे लिहिलंय?

येळ्ळूरची_सून
राहायला येळ्ळूरलाच आहे, त्यात काय लिहायचं? नणंद चंदगड तालुक्यात दिलीय. कायदा एकच ना? आरटीई म्हणजे आरटीई.

खानापूरचा_मास्तर
ताई, थोडं थांबा. मुलाची जन्मतारीख काय? कुठल्या वर्गाला घालायचंय? आता कुठे जातो? हवी ती शाळा कुठल्या संस्थेची? आणि गावात सरकारी शाळा आहे का? शेवटच्या प्रश्नावर सगळं अडलंय बगा.

येळ्ळूरची_सून
मुलगा. १ जूनला सहा पूर्ण होतात, ते मी बघितलंय. पहिलीला. शाळा मिशनची आहे, शहरात, नाव घेत नाही. आणि सरकारी मराठी शाळा आहे की, आमच्या परसातून घंटा ऐकू येते. पण तिथे घालायचं असतं तर इथे कशाला विचारलं असतं?

खानापूरचा_मास्तर
मग तुमच्या सायबरवाल्याचं बरोबर आहे.

कायदा दिल्लीचा, २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम १२(१)(क) मध्ये खाजगी शाळांनी पहिल्या वर्गातल्या २५ टक्के जागा गरीब आणि वंचित गटांना द्यायच्या असं आहे. पण अंमलबजावणीचे नियम प्रत्येक राज्याचे वेगळे. कर्नाटकाने २०१९ च्या सुरुवातीला नियम बदलला: ज्या परिसरात सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिथल्या खाजगी शाळेला हा कोटा नाही. परिसर म्हणजे गावात महसुली गाव आणि शहरात वॉर्ड. आता मला सांगा, आपल्याकडे सरकारी शाळा नसलेलं गाव कुठलं? जागा कागदावर राहिल्या, हातात काही उरलं नाही. पालक हायकोर्टात गेले, ३१ मे २०१९ ला कोर्टाने नियम कायम ठेवला. सरकारचं म्हणणं साधं होतं: आमच्या शाळा ओस पडताहेत आणि आम्हीच पैसे मोजून पोरं शेजारी पाठवतोय.

महाराष्ट्राने अगदी हाच नियम ९ फेब्रुवारी २०२४ ला आणला. १ किमीत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगीला सूट. मुंबई हायकोर्टाने आधी स्थगिती दिली, मग १९ जुलै २०२४ ला नियमच रद्द केला, सुप्रीम कोर्टानेही तो निकाल उचलून धरला. म्हणून तुमच्या नणंदेच्या मुलीला सीट आणि तुमच्या मुलाला नाही. सीमेवरच्या शिनोळीच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक.

दुसरं म्हणजे शाळा मिशनची. अल्पसंख्याक संस्थेची असेल तर २०१४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने ती या कोट्यातून बाहेर आहे, बेळगाव असो की पुणे. म्हणजे तुमची वाट दोन्हीकडून बंद. शाळेने नाव काढलेलं नाही, ते यादीत कधी नव्हतंच.

सीमावासी_५६
१ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात (आताच्या कर्नाटकात) घातलं त्याची फळं आहेत ही. ८६५ गावांवर महाराष्ट्राचा दावा आहे, २००४ पासून खटला सुप्रीम कोर्टात पडून आहे. आज आपण तिकडे असतो तर ताईंच्या मुलाला सीट मिळाली असती. यावर कोणी बोलत नाही.

दुहेरी_नोंद
मिशनच्या शाळेत तिकडेही मिळाली नसती, मास्तरांनी आत्ताच सांगितलं. पूर्ण वाचत जावा की.

येळ्ळूरची_सून
मग नणंदेच्या पत्त्यावर फॉर्म भरला तर? तिच्याजवळच्या दुसऱ्या शाळेत? रेशनकार्डावर नाव घालून देते म्हणाली.

पुणेरी_काका
छान कल्पना. भाडेकरार करून टाका.

खानापूरचा_मास्तर
काका, चुकीचं सांगू नका. पडताळणीत पत्ता खोटा निघाला तर प्रवेश जातो, वर लफडं नणंदेच्या मागे लागतं. आणि सहा वर्षांचं पोर रोज चंदगड तालुक्यात कसं जाणार, हे कोणी विचारलंच नाही.

खुला_बाजार
मूळ रोगावर कोणी बोलत नाही. पैसे शाळेला देण्याऐवजी पालकाला फीचं कूपन (व्हाउचर) द्या, तो ठरवेल कुठे घालायचं. मिल्टन फ्रीडमनने १९५५ मध्येच हे मांडलं. चिलीत १९८१ पासून आहे, स्वीडनमध्ये १९९२ पासून. आपल्याकडे आंध्रात २००८ ला सोडत काढून व्हाउचर दिली होती, चार वर्षं अभ्यास केला. खाजगी शाळांचा प्रति मूल खर्च सरकारीच्या एक तृतीयांशाहून कमी निघाला!

खानापूरचा_मास्तर
आंध्राचं पुढचंही सांगा की. तेलुगू आणि गणितात व्हाउचरवाली मुलं पुढे गेली नाहीत, बरोबरीत राहिली. पुढे गेली ती हिंदीत, कारण सरकारी प्राथमिकमध्ये हिंदी शिकवतच नव्हते.

खुला_बाजार
कमी खर्चात, त्या विषयांना कमी तास देऊन बरोबरी, वर हिंदी फुकट. हा फायदा नाही का? आणि सरकारी मास्तर व्हाउचरला विरोध का करतात हे सगळ्यांना माहीत आहे.

खानापूरचा_मास्तर
मी रिटायर होऊन सहा वर्षं झाली, माझी खुर्ची जात नाही आता. खर्च कमी का, तर तिथल्या बाईंना पगार किती देतात विचारून या. चिलीचंही ऐका. तिथे खाजगी शाळा वरून फी घेऊ शकत होत्या, पोरं निवडून घेऊ शकत होत्या. बऱ्या घरची पोरं तिकडे गेली आणि सरकारी शाळेत उरली ती ज्यांच्यासाठी भांडणारं कोणी नाही. शेवटी २००८ ला गरीब मुलांमागे जादा पैसे द्यावे लागले आणि २०१५ ला कायदा करून वरची फी, निवड, नफा हे सगळं हळूहळू बंद करायला घेतलं. तुमचा खुला बाजार चौतीस वर्षांनी दुरुस्त करावा लागला.

शाळेच्या_ऑफिसातून
मी खाजगी शाळेत क्लार्क आहे. दोघांनाही एक सांगते. आरटीईत सरकार आमची पूर्ण फी देत नाही. सरकारचा स्वतःचा प्रति मूल खर्च किंवा आमची फी, यातलं जे कमी ते. तेही वेळेवर येत नाही. २०१९ च्या आधीच्या मुलांच्या पैशांसाठी मी किती फेऱ्या मारल्या ते माझं मला माहीत. वर पुस्तकं, युनिफॉर्म, गॅदरिंगचे पैसे कोणी द्यायचे यावरून पालकांशी भांडण आमचं. सीट फुकट म्हणतात, पण आईबापांना दरवर्षी काहीतरी भरावंच लागायचं.

मेंटल_मॅथ्स_आई
कुठलीही शाळा घ्या, अबॅकस लावा. माझी मुलगी सात वर्षांची आहे, तीन अंकी गुणाकार बोटांवर करते. अनगोळमध्ये बॅच आहे, शनिवार-रविवार.

दुहेरी_नोंद
🙏

येळ्ळूरची_सून
चिली बिली राहू दे. एक सांगायचं राहिलं. मुलगा याच शाळेत यूकेजीला आहे. दोन टर्मची फी थकली आहे, मिस्टरांचं काम सुटलं म्हणून. पहिलीला जुनी फी भरल्याशिवाय घेत नाही म्हणालेत. आरटीईत बसलं तर फी सुटेल असं मला वाटलं. दुसरीकडे घालू म्हटलं तर टीसी देत नाहीत. आता काय करू?

शाळेच्या_ऑफिसातून
हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं ना ताई!

खानापूरचा_मास्तर
हे खरं दुखणं. ऐका. पहिलीला सरकारी शाळेत घालायला टीसी लागत नाही म्हटलं तरी चालेल. आरटीईच्या कलम ५ मध्ये आहे, टीसीला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेने प्रवेश अडवायचा नाही. कलम १४ मध्ये वयाच्या दाखल्यासाठीही अडवायचं नाही. तुमच्याकडे जन्मदाखला आहेच. थकलेली फी हा शाळेचा आणि तुमचा वेगळा हिशोब, हप्ते पाडून मागा, पण त्यासाठी पोर घरी बसवू नका. परसामागच्या शाळेत जाऊन नाव घाला आणि एसडीएमसीच्या (शाळेच्या देखरेख समितीच्या) अध्यक्षांना भेटून या. घंटा ऐकू येते म्हणता, तर रिक्षाचे पैसेही वाचले. कन्नडचं म्हणाल तर २०१५ च्या कायद्याने ते कॉन्व्हेंटातही शिकावंच लागतं.

येळ्ळूरची_सून
तिथे शिकलेली मी स्वतः आहे. माहेरही येळ्ळूरच. पण इंग्लिश कुठून येणार पोराला?

शाळेच्या_ऑफिसातून
माझ्याकडे पहिलीच्या इंग्लिशची जुनी पुस्तकं पडून आहेत. शहापूरला येऊन घेऊन जा.

खानापूरचा_मास्तर
शाळेत कोणी टीसीवरून अडवलं तर बीईओंच्या (गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या) नावे अर्ज द्या. मी कन्नडमध्ये लिहून देतो, तिथल्या तिथे वाचतील.

सीमावासी_५६
अर्ज मराठीतच द्या. भाषिक अल्पसंख्याक म्हणून तो आपला हक्क आहे. कन्नडमध्ये देऊन आपणच पायावर धोंडा मारून घेतो.

येळ्ळूरची_सून
दादा, तुमचं बरोबर आहे, पण मला आधी पोराचं नाव घालू दे. मास्तर, दोन्ही भाषांत लिहून द्या, एकावर एक लावते. ऑफिस किती वाजता उघडतं?

खानापूरचा_मास्तर
बोर्डावर दहा लिहिलंय. अकराला जावा.