अमेरिकेतील बंड आणि अल्मोड्यातील जुळणी

भारतीय नर्तक उदय शंकर यांचे नृत्य म्हणजे पाश्चात्त्य आधुनिक नृत्याची नक्कल, हे मत मला मान्य नाही, कारण दोन्हीकडची आरंभस्थिती मुळातच वेगळी होती. अमेरिकन नर्तकी इझाडोरा डंकन अनवाणी नाचू लागल्या तेव्हा राजाश्रय, नाट्यगृहे आणि कडक शिक्षणपद्धती लाभलेला बॅले समोर भक्कम उभा होता. नाकारण्याजोगे काहीतरी होते. उदय शंकर यांनी १९२३ मध्ये लंडनला रशियन बॅले नर्तकी ॲना पावलोवा यांच्यासोबत राधा-कृष्णाचे नृत्य सादर केले, त्या काळात भारतातील परंपरागत नर्तकींचा आश्रय तुटत चालला होता आणि सुशिक्षित समाजातील अनेक जण त्यांच्याकडे तुच्छतेने पाहत होते. आम्हां बडोदेकरांना हे सहज उमगावे. बडोद्याच्या महाराणी चिमणाबाईंसोबत तंजावरहून आलेल्या नर्तकींची कला येथे दरबाराच्याच आधाराने टिकली होती.

म्हणूनच हिमालयातील अल्मोड्याच्या आपल्या नृत्यकेंद्रात उदय शंकर यांनी मोडतोड न करता जुळणी केली. कथकलीसाठी शंकरन नंबुद्री, भरतनाट्यमसाठी कंदप्पा पिल्लै, मणिपुरीसाठी अमोबी सिंह आणि संगीतासाठी उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांना त्यांनी एका छताखाली आणले, आणि मला हेच त्यांचे सर्वांत मोठे कार्य वाटते.

शिवाय प्रभाव उलट दिशेनेही, म्हणजे भारताकडून पश्चिमेकडे, वाहत होता. अमेरिकन नर्तकी रूथ सेंट डेनिस यांनी १९०६ मध्येच ‘राधा’ रंगमंचावर आणले होते (त्यातील भारत बराचसा कल्पनेतला होता, हे खरे), आणि अमेरिकन आधुनिक नृत्यातील अग्रणी मार्था ग्रॅहम यांचे शिक्षण त्यांच्याच डेनिशॉन शाळेत झाले.