घाबरलेल्या मित्राला पेठच्या किल्ल्यावर न्यावं का?

परळकर:
आम्ही कॉलेजचे पाच जण रविवारी पहाटेची कर्जत लोकल पकडून पेठला, म्हणजे कोथळीगडला निघालोय. पायथ्याच्या आंबिवली गावातून चढणार. अडचण एका मित्राची. गेल्या पावसात राजमाचीला शेवाळावर त्याचा पाय सटकला. बुटाचा सोल अख्खा सुटून लोंबत होता आणि आम्ही गाढवं फोटो काढत हसत बसलो. तेव्हापासून त्याचं एकच उत्तर, 'आईला बरं नाहीये.' (काकू परवाच भाजी घेताना भेटल्या, ठणठणीत!) आग्रह करू की सोडून देऊ?

डोंबिवली फास्ट:
आधी माफी माग. तो फोटो ग्रुपवरून उडवलास का?

घाटवेडा:
पेठ गावापर्यंत काही कठीण नाही. घाबरायचंच तर सुळक्याच्या पोटात कोरलेल्या पायऱ्यांना, त्या पावसात निसरड्या होतात. त्याला म्हण, सुळक्याखालच्या गुहेपर्यंत ये, वर नाही चढलास तरी चालेल. एकाने त्याच्यासोबत खाली थांबा. आणि ते जुने बूट चिकटवून नकोत हं!

परळकर:
फोटो उडवला, माफीही मागितली. खाली मीच थांबतोय. तो अजून 'बघतो'वरच आहे, पण आत्ता मेसेज आलाय, थालीपीठं कोण आणणार?