वास्पी बायकांना भरपाई मिळायला हवी का?

हॅरोची सून
सासूबाईंचा जन्म नोव्हेंबर १९५४चा. इथल्या एका इस्पितळाच्या किचनमध्ये सत्तावीस वर्षं जेवणाच्या ट्रॉल्या ढकलल्या. ब्रिटनमध्ये बाईला साठीला सरकारी पेन्शन, हे १९४० पासूनचं गणित. त्या हिशेबानं २०१४ला सुटायचं आणि हिवाळे डोंबिवलीला बहिणीकडे काढायचे, असं त्यांचं ठरलेलं. २०१२च्या डिसेंबरात पत्र आलं: तुमचं पेन्शन सहासष्टाव्या वर्षी. तेव्हा त्यांना ५८ पूर्ण झालेली. पत्र ह्यांच्याकडून तीनदा वाचून घेतलं, मग बिस्किटांच्या डब्यात ठेवलं. अजून तिथेच आहे.

पन्नाशीच्या दशकात जन्मलेल्या अशा लाखो बायका आहेत. २०१५ला त्यांनी 'वास्पी' (म्हणजे 'सरकारी पेन्शनमधल्या असमानतेविरुद्ध बायका') ही चळवळ काढली. मार्च २०२४मध्ये ओम्बड्समननं (आपल्याकडचा लोकायुक्त समजा) सांगितलं की कळवण्यात सरकारची चूक झाली, प्रत्येकीला १००० ते २९५० पौंड द्या. डिसेंबरात पेन्शन खात्याच्या तेव्हाच्या मंत्री लिझ केंडल यांनी माफी मागितली, पैसे मात्र नाकारले. विरोधात असताना याच बायकांबरोबर ह्यांनी फोटो काढलेत! मला चीड येते. तुमचं काय?

अकाउंटंट काका
असहमत. बायकांचं वयही ६५ करणार, हे तेव्हाचे अर्थमंत्री केनेथ क्लार्कनी १९९३च्या बजेटमध्ये सांगितलं, १९९५ला कायदा झाला, अंमल २०१० पासून. पंधरा वर्षं मिळाली. पुरुषांना कधीपासून ६५ होतं, त्यासाठी कुणी मोर्चा काढला नाही. समान हक्क मागायचे आणि समान वय आलं की अन्याय? सगळ्यांना द्यायचं तर साडेतीन ते साडेदहा अब्ज पौंड लागतील. ते कोणाच्या खिशातून? शिवाय कोर्टात दोनदा हरल्यात, २०१९ आणि २०२०.

चष्मेबद्दूर
काका, किरकोळ दुरुस्ती. ती केस 'बॅकटूसिक्स्टी' या वेगळ्या गटाची. त्यांना साठीचं वयच परत हवं होतं. वास्पीवाल्या वय वाढवण्याला नाही म्हणत नाहीत. त्यांचं म्हणणं एवढंच की आम्हाला वेळेवर सांगितलं नाही. ही दोन भांडणं सगळेच एकात घालतात.

हॅरोची सून
@चष्मेबद्दूर +१. काका, तुम्ही बजेटच्या दिवशी रजा टाकून टीव्हीसमोर बसणारे. १९९३ला सासूबाई पहाटे पाचच्या बसमध्ये असायच्या. आणि समानतेचं म्हणाल तर ती फक्त वयात आली. त्यांच्या उमेदीच्या काळात अर्धवेळ बायकांना कित्येक ठिकाणी कंपनीच्या पेन्शन योजनेत घेतच नसत. १९७७पर्यंत लग्न झालेल्या बाईला कमी दराचा 'स्टॅम्प' (पगारातून कापला जाणारा सरकारी विम्याचा हप्ता) भरायची मुभा होती. चार पैसे हातात राहायचे, पण त्यातून स्वतःचं पेन्शन उभं राहायचं नाही. ही तूट कोण मोजणार?

लीड्सचा लंबू
माझं वय ३४. पेन्शन ६८ला मिळालं तर नशीब. घरभाडं भरून हातात काही उरत नाही, वर ही भरपाई माझ्या करातून. आजींबद्दल आदर आहे, पण सरकारच म्हणतं की २००६च्या पाहणीत त्या वयोगटातल्या ९० टक्के बायकांना बदल माहीत होता. मग?

चष्मेबद्दूर
माहीत काय होतं, ते बघ. 'वय वाढणार आहे म्हणे' हे माहीत असणं वेगळं आणि 'माझं पेन्शन अमुक तारखेला' हे वेगळं. २००४च्या पाहणीत स्वतःचं वय साठच्या पुढे गेलंय हे जाणणाऱ्या ४३ टक्केच निघाल्या. खात्याच्या हातात हे आकडे होते, तरी पत्रं निघायला २००९ उजाडलं. ओम्बड्समननं २८ महिन्यांचा उशीर धरला तो इथे.

जिप शिक्षक, सातारा
लांबून बोलतो. मी नोकरीला लागलो २००७ला, म्हणजे नोव्हेंबर २००५च्या रेषेपलीकडचा. जुनी पेन्शन नाही. मार्च २०२३च्या संपात 'एकच मिशन, जुनी पेन्शन' ओरडून घसा बसला होता. पण नोकरीला लागताना मला अट ठाऊक होती. या बाईंची निम्म्याहून जास्त नोकरी झाल्यावर अट बदलली. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

अकाउंटंट काका
मास्तर, करार आणि सरकारी पेन्शन यात फरक आहे, पण तो वाद नको. एक मान्य करतो. २०११चा दुसरा कायदा वाईट होता. १९९५च्या कायद्याप्रमाणे सूनबाईंच्या सासूबाईंना पावणेपासष्टच्या आसपास मिळालं असतं. ते आणखी पुढे ढकललं, आणि कळेपर्यंत हातात जेमतेम आठ वर्षं. ते मी कुणाला समजावून सांगू शकणार नाही. तरी सरसकट सगळ्यांना चेक, याला माझा विरोधच. ज्यांचं खरंच नुकसान झालं त्यांचं बघा.

हॅरोची सून
ते ठरवायला प्रत्येकीला कागद गोळा करायला लावणार, आणि तोवर निम्म्या जणी जातील. दरवर्षी कमी होताहेत. आमच्या सुटल्या त्या नोव्हेंबर २०२०मध्ये, लॉकडाऊन चालू असताना. निरोपसमारंभ नाही, डोंबिवलीही नाही.

अकाउंटंट काका
डोंबिवलीवरून आठवलं. कायमचं पाठवायचा विचार असेल तर थांबा. भारतात स्थायिक झालं की पेन्शन त्या दिवशीच्या रकमेवर गोठतं, इथली वार्षिक वाढ मिळत नाही.

हॅरोची सून
माहीत आहे. म्हणून तर त्यांचं तिकीट नेहमी परतीचं काढतो.