प्रतिसाद: निकष लावा, पण आधी सेविकेचा दिवस बघा

'अंगणवाडी सेविकांनाही शिक्षकांसारखे व्यावसायिक निकष हवेत' हे तुमचं म्हणणं मला पटतं. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तेच आहे: बारावी झालेलीला सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, कमी शिकलेलीला वर्षाची पदविका, तीही नोकरी सांभाळून, डीटीएच आणि स्मार्टफोनवरून.

माझी मावशी सेविका आहे. वजन-उंची घ्या, पोषण ट्रॅकर या सरकारी मोबाइल ॲपवर नोंदी भरा, गृहभेटी करा, लसीकरणाच्या दिवशी लेकरं गोळा करा. रेंज नसली की नोंदी रात्री घरी. यात अभ्यासाला बसायचं कधी? पोरांना गोष्ट सांगताना तिला बघा, म्हणजे कळेल प्रशिक्षण कुठे कमी पडतंय आणि कुठे नाही. परीक्षेच्या कागदावर ते दिसणार नाही.

बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी-कोसबाडला पाड्यावरच्या अंगणात मुलं जमवली, हाताशी असेल त्या वस्तूंतून शिकवलं. निकष ठरवायचेच, तर तिथून सुरुवात करा.

आणि हो, सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये सेविकांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला, तरी हातात पडतं ते अजून 'मानधन'च. पगार म्हणायला जीभ का अडखळते, तेवढं कुणीतरी सांगा.