रोजच्या वरण-भात-पोळी-भाजीत प्रथिनं पुरतात का? माझं मत : नाही

नाशिककर :
आपल्या ताटात डाळ कमी पडते, आणि हे खात्यापित्या घरांतही घडतं. हिशेब मांडतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. २००० कॅलरींच्या ताटासाठी त्यात दिवसाला साधारण २५० ग्रॅम धान्य आणि ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं आहेत, दोन्ही वजनं कच्च्या मालाची. आता आमच्या कुकरकडे या. चौघांसाठी सकाळी एक वाटी तूरडाळ लागते, काट्यावर १५० ग्रॅम. रात्री तीच आमटी पाणी घालून वाढवायची. माणशी जेमतेम ३८ ग्रॅम डाळ, म्हणजे प्रथिनं ८ ग्रॅमच्या आसपास. प्रौढ माणसाला वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम लागतात, साठ किलोच्या माणसाला जवळपास ५०. तीन-चार पोळ्या, मूठभर भात आणि चहातलं दूध धरूनही आमच्या घरात हा आकडा गाठला जात नाही.

जोंधळा :
साफ असहमत. प्रथिनांची ही भीती पावडरचे डबे विकणाऱ्यांनी घातली आहे. शरीर कमावण्यासाठी पावडरी घेऊ नका, हे त्याच संस्थेने सांगितलंय, ते का गाळलंत? आमचे आजोबा भाकरी, पिठलं आणि ठेचा खाऊन दिवसभर मोट हाकायचे. प्रथिनं ज्या घटकांची (अमिनो आम्लांची) बनतात, त्यांतलं लायसिन धान्यात कमी, मेथिओनिन डाळीत कमी. दोन्ही पोटात गेली की एकमेकांची उणीव भरून निघते. वरण-भाताला नावं ठेवू नका.

नाशिककर :
पावडरच्या बाबतीत मी तुमच्याच बाजूचा आहे. वरण-भाताची जोडी उत्तम, हेही मान्य. माझं म्हणणं त्यातल्या वरणाच्या मापाबद्दल आहे.
आजोबांचंच उदाहरण घेऊ. शेतात राबणारा गडी दिवसाला चारशे ग्रॅम ज्वारी सहज खायचा. ज्वारीत शंभराला १० ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे चाळीस ग्रॅम नुसत्या भाकरीतून मिळायची. वर पिठल्यातलं बेसन. आपण दिवसभर खुर्चीत बसतो, त्यामुळे भाकरी कमी केली ते बरोबरच केलं. पण भाकरीबरोबर तिच्यातली प्रथिनंही गेली आणि आमटी होती तेवढीच पातळ राहिली. कष्ट निम्मे झाले म्हणून प्रथिनांची गरज निम्मी होत नाही, ती वजनावर ठरते. म्हातारपणी स्नायू झिजायला लागतात तेव्हा तर ती अजिबात कमी करून चालत नाही.

मालवणकर :
आमच्याकडे एक बांगडा आणि कुळथाची पिठी असली की हा हिशेब लागतच नाही. पण श्रावणात ताट बघा, साबुदाण्याची खिचडी! साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतातच, जी असतात ती दाण्याच्या कुटात.

अंगणवाडीताई :
दोघांनाही सांगते, ही चर्चा डाळ परवडणाऱ्यांची आहे. रेशनवर माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं. तूरडाळ दुकानातून घ्यायची तर पाव किलो घेतानाही बाई दोनदा विचार करते. आणि ती जेवते सगळ्यात शेवटी. पोरांना, नवऱ्याला दाट वाढून झालं की तिच्या भातावर पिवळं पाणी येतं. तिला ग्रॅमचे आकडे कशाला? मी भेटीला गेले की सांगते, मूठभर शेंगदाणे आणि मोड आलेली मटकी स्वतःच्या ताटात आधी काढून ठेव. शेंगदाण्यात डाळीपेक्षा प्रथिनं जास्तच आहेत.

जोंधळा :
ताई, तुमचं शंभर टक्के पटलं. नाशिककरांचं अजून पटत नाही. त्याच मार्गदर्शक तत्त्वांत दिवसाला ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळं सांगितली आहेत. आपल्याकडे भाजी म्हणजे पोळीला लावायला चमचाभर. चहात दोन-दोन चमचे साखर, वर खारी आणि फरसाण. आजार तिथून येतात. आधी तेवढं सुधारा, मग डाळीच्या वाट्या मोजा.

रुग्णसेविका :
मध्येच बोलते, पण गरजेचं आहे. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना डॉक्टर प्रथिनं मोजून देतात. त्यांनी इथलं वाचून परस्पर डाळ वाढवू नये.

सातारकरीण :
आईचं वय ७४, दात नाहीत. दोन वेळा मऊ भात आणि मध्ये चहा-बिस्कीट, एवढंच खाते. डाळ वाढवायची तरी कशी?

नाशिककर :
मऊ भातात तांदळाइतकीच मूगडाळ घाला आणि एकत्र शिजवा. मुगाच्या डाळीचं मऊ धिरडं दह्यात बुडवून द्या. खात असतील तर अंडं उकडून, कुस्करून. एकात सहा ग्रॅम प्रथिनं असतात. ताकाच्या भरवशावर राहू नका, त्यात पाणीच जास्त. आणि एकदम वाढवू नका, पोटाला सवय होऊ द्या.

जोंधळा :
धिरड्याला माझाही पाठिंबा, वर लिंबू पिळा. चहा मात्र जेवणापासून तासभर लांब ठेवा, नाहीतर डाळीतलं लोह नीट शोषलं जात नाही. आणि बिस्किटं बंद करा, हे माझं आधीपासूनच म्हणणं आहे.