रोजगार हमीने गावाचं खरंच काही भलं झालं का?

शिवार_७:
मी पुण्यात नोकरीला आहे. पगारातून दरमहा २०० रुपये व्यवसाय कर कापतात. वडील म्हणाले, हा कर १९७५ साली रोजगार हमीसाठीच सुरू झाला. पण आमच्या गावातून अजूनही दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, शाळेतली पोरंसुद्धा सोबत जातात. मग इतक्या वर्षांत साधलं काय? टीका म्हणून नाही, खरंच समजून घ्यायचंय.

माळरान:
आमच्याकडे कागदावर पूर्ण झालेला एक पाझर तलाव आहे, त्यात कधी पाणी पाहिलं नाही. पैसा जातो, काम दिसत नाही. माझं मत झालंय की या योजनांनी काही सुटत नाही.

मस्टर_बीड:
मी नऊ वर्षं ग्रामरोजगार सेवक आहे, म्हणजे गावात रोजगार हमीच्या कामांची हजेरी-नोंद बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

७२ च्या दुष्काळात माझी आई बारा वर्षांची होती. आजीबरोबर खडी फोडायला जायची. अंगठ्याला चिंधी बांधायची, तरी रक्त यायचं. त्या कामावर मिळालेल्या सुकडीवर, म्हणजे मजुरांना वाटलेल्या कोरड्या खाऊवर, घर जगलं. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात जवळपास ५० लाख माणसं अशा कामांवर होती. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात १९६५ साली करून पाहिलेल्या, मागेल त्याला काम देण्याच्या प्रयोगाला त्या दुष्काळाने बळ मिळालं, १९७७ ला राज्याचा रोजगार हमी कायदा झाला आणि पुढे २००५ चा देशाचा रोजगार हमी कायदाही याच वाटेने आला. काम मागणं हा हक्क झाला, याला मी लहान गोष्ट मानत नाही. आई आजही ‘सरकारने काम दिलं’ असं म्हणते, ‘मदत दिली’ असं म्हणत नाही.

आता टोळ्यांचं. गेल्या वर्षी आमच्या वाडीतल्या एका विधवा बाईने मे महिन्यात नालाबांधावर दोन आठवडे काम केलं. रोज दोनदा मोबाइलवर हजेरीचा फोटो मीच काढला. पण जॉबकार्डावर (रोजगार हमीच्या मजुराचं नोंदणी कार्ड) नाव एक आणि आधारवर त्यापुढे ‘बाई’ लावलेलं, त्यामुळे मजुरी अडकली. मी तालुक्याला चार चकरा मारल्या. पैसे जमा झाले नोव्हेंबरात. तोवर तिने ऊसतोडीची टोळी नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतली होती आणि ती भावासोबत कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला, गेली होती. मुकादम पैसे कामाआधी देतो, आपण काम झाल्यावर आणि तेही उशिरा. पेरणीला बियाणं घ्यायचं असतं तेव्हा माणूस कोणाकडे जाईल?

माळरान, तुमचा तलाव तसाच असेल, मी नाकारत नाही. पण नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला याच रोजगार हमीतून बांधबंदिस्ती झाली. तिथे गावाने कुऱ्हाडबंदी, चराईबंदी पाळली, तेव्हाचे सरपंच पोपटराव पवारांनी शेतीसाठी बोअर घेऊ दिले नाहीत. पाणी अडवल्यावर ते वापरायचं कसं, हे गावाने ठरवलं होतं. आमच्याकडे काम कुठे काढायचं हे बहुतेक वेळा ज्याच्याकडे जेसीबी आहे तो ठरवतो.

शिवार_७:
उचलीचा मुद्दा माझ्या डोक्यातच आला नव्हता. माझा चुलतभाऊ यंदा जाऊ नये असं वाटतं. नेमकं काय करता येईल?

मस्टर_बीड:
आधी त्याचं जॉबकार्ड, आधार आणि बँक पासबुक शेजारी ठेवून नावाचं अक्षर न् अक्षर जुळवा. मग नमुना ४ चा अर्ज भरून काम मागायला सांगा आणि तारीख टाकलेली पोच घेतल्याशिवाय हलू देऊ नका. पंधरा दिवसांत काम नाही मिळालं तर बेकारभत्ता मागता येतो, पण पोच नसेल तर मागणी केलीच नव्हती असं सांगतात. उचल घ्यायच्या आत हे व्हायला हवं, म्हणजे आत्ताच फोन करा त्याला.