मदत हवी आहे : विशेषांकाची अतिथी संपादक आहे, सरांच्या विद्यार्थ्यांचे तीन लेख आणि एका गुरुजींचं हस्तलिखित अडलंय

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस इथे नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या.

मी दक्षिण महाराष्ट्रात एका तालुक्याच्या कॉलेजात इतिहास शिकवते. मागच्या वर्षी एका मराठी संशोधन त्रैमासिकाच्या संपादकांचा फोन आला की १९७२ च्या दुष्काळावर विशेषांक काढायचाय, अतिथी संपादक म्हणून बघाल का. मी लगेच हो म्हटलं. आमच्या भागात म्हातारी माणसं अजून वय सांगताना बहात्तराच्या आधीचा की नंतरचा असं सांगतात, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी नुसता पेपर टाकण्याचा नाहीये. सोबत दुसरे अतिथी संपादक म्हणजे माझे पीएचडीचे गाइड. सरांनी मला कागदपत्रं वाचायला शिकवलं, चार ओळी नीट लिहायला शिकवलं, हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून कुणी त्यांच्याबद्दल वाईट मत करून घेऊ नये.

जूनमध्ये आवाहन काढलं, ३०० शब्दांचा गोषवारा मागवला. ५८ आले. बऱ्याच जणांनी फोन करून पहिलाच प्रश्न विचारला, मॅडम फी किती आणि सर्टिफिकेट कधी. त्यांचा तरी काय दोष, आपल्याकडे विशेषांक म्हणजे कॉलेजच्या एक दिवसाच्या परिषदेला जोडून हजार-दीड हजार भरून निघणारा आयएसएसएन (नियतकालिकाच्या नोंदणीचा) नंबरवाला जाड ठोकळा असंच होऊन बसलंय. अशा एका ठोकळ्यात माझाही लेख आहे, २०१६ चा. त्याची शेवटची दोन पानं दुसऱ्या कुणाच्या तरी लेखाला जोडली गेलीत आणि हे मला तीन वर्षांनी कळलं, म्हणजे छापायच्या आधी तो कुणी वाचलाच नव्हता आणि छापल्यावरही नाही. मला फार लागलं होतं ते. तेव्हाच ठरवलं होतं की कधी आपल्या हातात अंक आला तर त्यातला प्रत्येक लेख निदान दोन माणसांनी पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचलेला असेल.

गोषवाऱ्यांतून २४ निवडले, त्यातल्या १३ जणांनी पूर्ण लेख पाठवले. अंकात १२ जातील असा अंदाज. इथवर ठीक होतं.

मग मुदत उलटून गेल्यावर आठ दिवसांनी सरांच्या मेलवरून आणखी तीन लेख आले, तिन्ही त्यांच्या सध्याच्या पीएचडीच्या विद्यार्थ्यांचे. गोषवारा कुणाचाच आला नव्हता. सर फोनवर म्हणाले, "आपलीच मुलं आहेत, मी बघितलेत, रिव्ह्यूला पाठवत बसू नकोस, थिसिस सबमिट करायच्या आधी त्यांना एकेक पब्लिकेशन लागतंय." मी हं म्हटलं आणि फोन ठेवला. तेव्हाच बोलायला हवं होतं पण तोंडून शब्द फुटला नाही.

रात्री तिन्ही लेख शेजारी शेजारी उघडून वाचले. पहिला परिच्छेद तिन्हींचा जवळपास एकच. तिन्हींत रोजगार हमी कायदा १९७२ साली झाला असं लिहिलंय. योजना ७२ ची, पण कायदा १९७७ चा आणि तो लागू झाला २६ जानेवारी १९७९ पासून. तिन्हींत वि. स. पागे "तत्कालीन मुख्यमंत्री" आहेत. अहो पागे विधान परिषदेचे सभापती होते, मुख्यमंत्री वसंतराव नाईक होते, हे तर आम्ही टीवायला (बीएच्या तिसऱ्या वर्षाला) शिकवतो. तीन माणसांच्या हातून एकच चूक त्याच त्याच शब्दांत होत नाही, कुठून तरी एकाच ठिकाणाहून उचललंय. त्यातले दोन लेख शेवटपर्यंत असेच आहेत. पण तिसऱ्यातली मुलगी पाचव्या पानापासून एकदम वेगळीच होते, तिने ११ बायकांच्या मुलाखती घेतल्यात, एक बाई सांगते की बाभळीला झोळी बांधून पोर ठेवायचं, पोरांवर लक्ष ठेवायला एक म्हातारी बसवलेली असायची आणि त्या म्हातारीचीही मस्टरवर (हजेरीपटावर) हजेरी लागायची. हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नव्हतं. हा लेख मला हवाय, पण तो या वाटेने आत यायला नकोय.

दुसरी अडचण. एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांनी आवाहन वाचून ३८ फुलस्केप पानं पाठवलीत, पेनाने लिहिलेली, समास आखून. ते चौदा वर्षांचे असताना आईबरोबर पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला होते. मुकादम ब्रास (खडी मोजायचं माप) मोजायला लाकडी चौकट कशी ठेवायचा, कोपऱ्यात हात घालून ढीग आतून पोकळ रचलाय का ते कसं चाचपायचा, मोजून झालं की ढिगावर चुन्याचं पाणी मारायचा म्हणजे तीच खडी दुसऱ्या दिवशी परत मोजायला कुणी मांडू नये. सुकडी (कामावर वाटलेला पौष्टिक खाऊ) तिथेच खायची असा नियम, तरी आई अर्धी पदराच्या गाठीत बांधून धाकट्यांसाठी घरी न्यायची. मिलोची (तेव्हा बाहेरून आलेल्या तांबड्या ज्वारीची) भाकरी थापताना कशी चिरायची त्यावर अख्खं एक पान आहे. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसं होती हा आकडा मी दरवर्षी फळ्यावर लिहिते, पण त्या ५० लाखांतला एक माणूस आत्ता माझ्या टेबलावर आहे असं वाटलं ते वाचताना.

रिव्ह्यूअरने (लेख तपासायला दिलेल्या बाहेरच्या वाचकाने) ते दोन ओळीत परत पाठवलं : संदर्भसूची नाही, संशोधन पद्धती नाही, नाकारावा.

तर विचारायचंय ते असं. सरांना कसं सांगू, आणि मीच सांगायचं की मुख्य संपादकांकडे जायचं? त्यांच्याकडे गेले तर सरांची चहाडी केल्यासारखं होईल का? गुरुजींचं लेखन रिव्ह्यूअरचं न मोडता अंकात कसं घेता येईल? आणि रिव्ह्यूअर कुठून आणू, १३ लेखांना २६ वाचक लागतात, ४० जणांना मेल टाकली, नऊ जणांनी हो म्हटलं आणि त्यातल्या चौघांचंच आलंय.

कुणी हे काम केलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

प्रतिसाद : शाईदौत

ताई, आधी एक गोष्ट मनातून काढून टाका, मुख्य संपादकांना सांगणं म्हणजे चहाडी नाही. अतिथी संपादक असले तरी अंकात जे छापून येतं त्याची जबाबदारी शेवटी मुख्य संपादकाचीच असते, मग त्यांना माहीत नको? मी एका विज्ञानाच्या जर्नलचे दोन विशेषांक केलेत. आमच्याकडे नियमच होता की अतिथी संपादकाचा स्वतःचा, त्याच्या विद्यार्थ्याचा किंवा त्याच्या विभागातल्या कुणाचा लेख आला की तो लेख त्याच्या हातातून काढून मुख्य संपादकाकडे जायचा, तो कुणाला वाचायला दिला हेसुद्धा अतिथी संपादकाला कळायचं नाही. डिरेक्टरी ऑफ ओपन ॲक्सेस जर्नल्स म्हणजे फुकट वाचता येणाऱ्या जर्नल्सची जी जागतिक यादी आहे, तिचाही नियम आहे की अतिथी संपादकांचे स्वतःचे लेख अंकाच्या २५ टक्क्यांच्या वर नकोत आणि त्यांचा रिव्ह्यू स्वतंत्र व्हावा. विद्यार्थ्यांचे लेख त्यात धरत नाहीत, पण तुमचा एक, सरांचा एक आणि हे तीन असे १२ पैकी ५ एकाच घरातले झाले तर वाचणाऱ्याला काय वाटेल.

सरांना सांगताना लेखांच्या चुकांपासून सुरू करू नका. "सर, तुमची मुलं आहेत म्हणूनच आपण दोघांनी यात हात घालायला नको, उद्या त्यांच्यावरच बोट येईल" असं सांगा. हे खरंही आहे. हिंदावी या जर्नल काढणाऱ्या कंपनीचं माहीत असेलच, वायली या मोठ्या प्रकाशकाने २०२१ मध्ये ती कंपनी घेतली आणि २०२३ या एका वर्षात ८,००० च्या वर लेख मागे घ्यावे लागले, बहुतेक विशेषांकांतले, रिव्ह्यूच बनावट निघाले होते. ज्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं त्यांच्या बायोडेटावरही तो डाग राहिलाच ना.

प्रतिसाद : पानकळा

माझं मत जरा वेगळं आहे. त्या पोरांकडे पण बघा. गाइडने सांगितलं लेख दे, त्यांनी दिला, नाही म्हणायची त्यांची टाप आहे का? आणि पब्लिकेशनची अट म्हणाल तर यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) पीएचडीच्या २०२२ च्या नियमावलीतून ती काढून टाकलीय, विद्यापीठाने स्वतःची ठेवली असेल तर वेगळं, सरांना एकदा चेक करायला सांगा, निम्मी घाई तिथेच संपेल. केअर लिस्टही (मान्यताप्राप्त जर्नल्सची यादी) यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली, आता कुठलं जर्नल चांगलं ते संस्थांनीच ठरवायचंय, म्हणजे तुम्ही जो अंक काढाल तो वाचूनच लोक ठरवणार. त्या दोघांना थेट नकार देण्यापेक्षा काय चुकलं ते पानावर लिहून द्या. मला माझ्या पहिल्या लेखावर कुणीतरी असं लिहून दिलं असतं तर माझी चार वर्षं वाचली असती.

प्रतिसाद : ग्रंथालयवाली

गुरुजींबद्दल लिहिते. रिव्ह्यूअर चुकलेला नाही, त्याला शोधनिबंध म्हणून वाचायला दिलं म्हणून त्याने तसं मोजलं. ते शोधनिबंध नाहीच, ते साधन आहे. अंकात "साधनं" किंवा "आठवणी आणि दस्तऐवज" असा वेगळा विभाग करा, हा विभाग शोधनिबंधांसारखा तपासलेला नाही असं वर स्पष्ट छापा, आणि तुम्ही दोन पानांची संपादकीय टीप लिहा, गाव कुठलं, तलाव कुठला, हे कधी लिहिलं, कुठल्या गोष्टी सरकारी कागदांशी जुळतात आणि कुठल्या नाही. त्यांची लेखी परवानगी घ्या. आणि हस्तलिखित स्कॅन करून ठेवाच, आमच्याकडे अशी कितीतरी बाडं वाळवी लागल्यावर येतात. भाषा मात्र बदलू नका हं.

रिव्ह्यूअर हवेत तर मोठ्या नावांच्या मागे लागू नका. नुकती पीएचडी झालेली मुलं फार मन लावून वाचतात. आधी फोन करा, मग मेल, आणि सोबत तीनच प्रश्न पाठवा : नवीन काय आहे, पुरावा पुरतो का, काय दुरुस्त करायला हवं. फॉर्म मोठा असला की लोक उघडतच नाहीत.

धागाकर्ती :

सगळ्यांचे मनापासून आभार. पाच दिवसांनी लिहितेय.

रविवारी सरांच्या घरी गेले. फोनवर बोलायचं नव्हतं मला. शाईदौत यांनी सांगितलं तसंच सांगितलं, की आपण दोघांनी हे तीन लेख मुख्य संपादकांकडे देऊन बाजूला व्हायचं. सर बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "तुला पसंत नाहीत असं सरळ सांग." मी म्हटलं एक खूप पसंत आहे सर, म्हणूनच. पागे मुख्यमंत्री झालेत ते पान मी प्रिंट काढून नेलं होतं, ते टेबलावर ठेवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं, खिशातलं पेन काढून स्वतःच खोडलं, आणि चहा घेऊन जा म्हणाले. त्यानंतर त्यांचा फोन नाही. एरवी दोन दिवसाआड असतो. मला ते फार जड जातंय, पण लेख मुख्य संपादकांकडे गेले, सरांना मेलवर सीसी ठेवून. पानकळा, विद्यापीठाच्या अटीचं मी त्यांना सांगितलं, ते बघतो म्हणाले. त्या दोन मुलांच्या लेखांवरही सविस्तर अभिप्राय द्या असं मी संपादकांना कळवलंय.

गुरुजींना वेगळ्या विभागाचं सांगितलं तर खूश झाले, फक्त एक अट घातली, त्यांनी सगळीकडे "हाजरी" लिहिलंय त्याचं "हजेरी" करायचं नाही, आई तसंच म्हणायची. आणि त्यांच्याकडे आईचं दुष्काळी कामावरचं एक कार्डही आहे, पत्र्याच्या पेटीत, ते घेऊन पुढच्या आठवड्यात कॉलेजात येतायत.

ग्रंथालयवाली, तुमचे तीन प्रश्न पाठवून सहा जणांना फोन केले, पाच हो म्हणाले.

अजून दोन लेखांना वाचक मिळत नाहीये, एक बीड-उस्मानाबाद (आताचं धाराशिव) भागातल्या स्थलांतरावर आहे आणि एक पाझर तलावांच्या जागा कशा ठरल्या त्यावर. दुसऱ्याला जलसंधारणाची माहिती असलेलं कुणीतरी हवं, पदवी कुठलीही चालेल. तीन आठवड्यांत वाचून देऊ शकणारं कुणी असेल तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.